इकेंगाची अंघोळ

कॉव्हेंट्री
१७ ऑगस्ट १९८७

प्रिय शैला,

फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून लगेच काळजीत पडू नकोस. आम्ही सगळे बरे आहोत. पण आमचा फोन जिन्याखाली, शशिधर समोर सोफ्यावर, आणि विषय असा की नवऱ्यासमोर बोलले तर तो आपलंच म्हणणं रेटेल. अशा वेळेसाठीच तर मावसबहीण असते.

फिडेलिस ओन्वुका आठवतो ना? शशिधरच्या हॉस्पिटलमधला सर्जन. नायजेरियाचा, इग्बो लोकांतला. आमच्या रेखाच्या वाढदिवसाला तू केलेल्या बटाटेवड्यांवर तुटून पडला होता तो. कितीतरी वर्षं शशिधर भूल देतो आणि हा ऑपरेशन करतो, त्यामुळे दोघांचं सख्ख्या भावांसारखं आहे. शनिवारी तो एकटाच आला. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. टेबलावर ठेवून उलगडलं तर लाकडाची एक मूर्ती. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत उंच. डोक्यावर दोन शिंगं, बैठक स्टुलासारखी, उजव्या हातात सुरा. डाव्या हातात काय आहे ते कळत नाही, कारण सगळ्या अंगावर काळा जाडजूड थर बसला आहे आणि त्यात कुठे कुठे पिसं चिकटली आहेत.

याला इकेंगा म्हणतात. तो म्हणाला, "हा माझ्या वडिलांचा उजवा हात आहे." म्हणजे असं, की माणूस आयुष्यात स्वतःच्या हिमतीवर जे मिळवतो त्याबद्दल याचे आभार मानायचे, याला खाऊ घालायचं. प्रत्येक पुरुषाचा आपापला असतो. वडील गावी असतात, खूप म्हातारे आहेत. तिकडे हल्ली या मूर्ती चोरून गोऱ्या लोकांना विकणारे दलाल फिरतात, म्हणून त्यांनीच मागच्या खेपेला फिडेलिसच्या हाती दिला आणि सांगितलं, मी गेलो की परत आण. त्यांच्या गावाकडे माणूस गेला की इकेंगाचे दोन भाग करतात आणि अर्धा त्याच्याबरोबर पुरतात.

आता हा इथे कशाला? तर फिडेलिसची बायको ग्रेस नव्या चर्चला जायला लागली आहे. तिथल्या पाद्र्याने सांगितलं, घरात सैतान आहे, जाळून टाका. बिचारा म्हणाला, "सुप्रभा, तुझ्या घरात देवांसाठी शेल्फ आहे. माझ्या घरात शेल्फवर टेलिव्हिजन आहे. याला कुठेतरी उंचावर ठेव."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. पण गणपती तोंडावर आलेत, उंच जागा म्हणजे देवघराचीच, आणि त्या थराला असा काही वास येतो की काय सांगू. शशिधर म्हणतो लॉफ्टमध्ये टाक. मी शब्द दिलाय गं. काय करू?

तुझी,
सुप्रभा


वेम्बली
१९ ऑगस्ट १९८७

सुप्रभाबाई,

यात विचारायचं काय? धू की त्याला!

अगं, दारात पाहुणा आला तर आधी पाय धुवायला पाणी देतो आपण. हा तर कुणाच्या तरी वडिलांचा देव. आफ्रिकेची धूळ, विमानातली धूळ, आणि त्या ग्रेसबाईच्या कपाटातली धूळ घेऊन तो गणपतीशेजारी बसणार? गणपतीच उठून जाईल. आपण तरी दुसरं काय करतो? सणाच्या आधी टाक, देव, समया सगळं उजळून घेतोच ना. फिडेलिस पुरुषमाणूस, त्यात सर्जन. त्याला आतलं साफ करता येतं, वरचं कुठून येणार?

फक्त चिंच लावू नकोस, पितळ नाही ते. आणि तुझी ती व्हिम पावडर तर मुळीच नको. रिठे भिजत घाल, कोमट पाणी घे, जुना टूथब्रश घे, आणि हळूहळू सोडव. वाळला की खोबरेल तेलाचा हात फिरव. ईलिंग रोडवर पटेलांकडे रिठे आले आहेत, या पाकिटात घालते आहे. पोस्टमनने वास घेऊन पोलिसांत दिलं नाही म्हणजे मिळवली.

पिसं कसली असतील ते विचारू नकोस. काही गोष्टी माहीत नसलेल्या बऱ्या.

आमचे नवरोबा गिरीश विचारताहेत, बाप्पा यंदा दीड दिवसाचे की पाच? आम्ही शनिवारी येतो दर्शनाला.

तुझी,
शैला


कॉव्हेंट्री
१ सप्टेंबर १९८७

प्रिय शैला,

तुम्ही आलात आणि घर भरल्यासारखं झालं. पण गर्दीत इकेंगाबद्दल बोलताच आलं नाही. तू लांबून हात जोडलेस तेवढेच.

तुझे रिठे लागू पडले. एक सकाळ गेली. पहिल्या पाण्याला काही झालं नाही, दुसऱ्या पाण्याला थर फुगला आणि मग करपलेल्या खिरीसारखा पापुद्रे पापुद्रे निघायला लागला. मला कशाचाच कंटाळा आला नाही. उलट, आईबरोबर देव घासायला बसायचो ते दिवस आठवले. आत लाकूड काय सुंदर निघालं! लालसर, कोरणीने एकेक रेघ बारीक काढलेली. डाव्या शिंगाच्या मुळाशी एक लोखंडी खिळा निघाला. कधीतरी शिंग मोडलं असणार आणि कुणीतरी जपून जोडलं असणार. आणि डाव्या हातात, शैला, माणसाचं मुंडकं! ब्रश हातातून सुटलाच माझ्या. मग म्हटलं, आपल्या देवीच्या हातात तरी काय असतं, कमळच असतं असं थोडंच आहे?

तेल लावून बसवलं. रोज गणपतीबरोबर दूधसाखर त्यालाही. ज्या दिवशी मोदक केले त्या दिवशी त्यालाही एक. शशिधर म्हणाला, "अरे वा, हा तर तरुण झाला!" फिडेलिसने बघितलं की त्याला काय वाटेल या विचारानेच मला उगाच हसू येतं. त्याला सांगितलं नाहीये. तो न्यायला येईल तेव्हाच बघू दे.

तुझी,
सुप्रभा


कॉव्हेंट्री
१३ सप्टेंबर १९८७

शैला,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. फिडेलिसचे वडील गेले.

मी इकडे ब्रश चालवत होते त्याच आठवड्यात ते तिकडे अंथरुणाला खिळले, आणि परवा गेले. शशिधर म्हणतो, नव्वदीचा माणूस, हृदय थकलेलं, यात आश्चर्य काय. शशिधरला कुठे माहीत आहे मला काय माहीत आहे ते.

रेखाने सांगितलं मला. तिच्या ए लेव्हल परीक्षेच्या आर्टसाठी ती लायब्ररीतून आफ्रिकन शिल्पांचं पुस्तक घेऊन आली. त्यात इकेंगाचं चित्र, काळं, खरखरीत, अगदी आपल्याकडे आला होता तसं. ती पुस्तक घेऊन देवघरापाशी आली, एकदा पुस्तकाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग म्हणाली, "आई, हा धुवायचा नसतो! हा सगळा काळा थर, तो त्याचा जेवण आहे. कोला नट, पाम वाइन, कोंबड्याचा ब्लड. हा माणूस त्याला सगळा लाइफ जेवण देतो, आणि तो असा वर वर बसतो. तू त्याचा सगळा जेवण पुसून टाकला."

मी तिला ओरडले. मराठी नीट बोल म्हणून ओरडले. बघ माझी अक्कल.

त्या म्हाताऱ्याने तरुणपणापासून जे जे मिळवलं, त्याचा घास घास याला दिला होता. पीक आलं तेव्हाचा, मुलगा झाला तेव्हाचा, तो मुलगा डॉक्टर झाला तेव्हाचा. ते सगळं मी टूथब्रशने सोडवलं आणि पाणी गुलाबाच्या मुळाशी ओतलं. आपल्याकडे गेलेल्या माणसाला शेवटची अंघोळ घालतात. मी त्यांना जिवंतपणी घातली. हा विचार मनातून जात नाही. भाजी चिरताना येतो, गाडी चालवताना येतो.

फिडेलिस शनिवारी न्यायला येणार आहे, रविवारी त्याचं विमान आहे. त्याला कसं सांगू? तू सांग. शशिधरला सांगितलं तर तो उद्या सकाळी ऑपरेशन थिएटरमध्येच त्याच्या कानावर घालेल. त्याला लपवता येत नाही.

सुप्रभा


वेम्बली
१५ सप्टेंबर १९८७

प्रिय सुप्रभा,

आधी डोळे पूस. एक गोष्ट पक्की ध्यानात घे, लाकूड धुतल्याने नायजेरियातली माणसं मरत नाहीत. तसं असतं तर निम्मं वेम्बली मी माझ्या कार्पेट साफ करायच्या हूव्हरने मारलं असतं.

आता नीट ऐक. सांगायचं नाही. त्याचा बाप गेलाय. त्याच्या डोक्यात विमान, पैपाहुणे, बायकोचं चर्च. त्यात तू तुझं रडगाणं घेऊन उभी राहणार, आणि कुणासाठी? तुला हलकं वाटावं म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या डायनिंग टेबलाला ओरखडा पडला होता तो तुला दिसला का कधी? नाही ना? चहा. कोरा चहा पाव होईपर्यंत उकळायचा आणि कापडाने लावायचा. वाळला की पुन्हा. असे पाच-सहा हात दे. खाचांमध्ये काजळ आणि खोबरेल तेल बोटाने दाब. पाहिजे तर समईची काजळी धर. वर थोडा गूळ लाव म्हणजे चिकटपणा येईल. मातीत अर्धा जायचाय तो, प्रदर्शनात नाही. अंत्यविधीला जमलेली माणसं रडतात, रंग बघत नाहीत.

रिठे मी पाठवले होते, माहीत आहे मला. म्हणूनच निस्तरायचं कसं तेही मीच सांगते आहे.

शैला


कॉव्हेंट्री
२१ सप्टेंबर १९८७

प्रिय शैला,

केलं तू म्हणालीस तसं. चहा, काजळ, गूळ. दोन दिवस घरात कुणी नसताना करत होते, घंटी वाजली की त्याच्यावर पातेलं पालथं घालायचे. मला ते जमलं, याचीच लाज वाटते. लांबून बघणाऱ्याला फरक कळला नसता.

शनिवारी फिडेलिस आला. ग्रेस खाली गाडीत बसून होती, आमच्या देवघरात पाऊल टाकणार नाही म्हणाली. मी इकेंगाला माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून तयार ठेवलं होतं. अगदी घट्ट, गाठी मारून. का, ते तुला कळलंच असेल. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि तसंच बॅगेत ठेवलं. उघडलं नाही. बायकोसमोर नको म्हणून असेल, किंवा माझ्यावर विश्वास म्हणून. म्हणाला, "तू माझ्या वडिलांना आसरा दिलास." माझे हात हातात घेऊन म्हणाला.

शशिधर त्याची बॅग घेऊन खाली गेला आणि आम्ही दोघंच जिन्यात होतो. तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी. आणि विचारलं काय, तर "सँडविच देऊ का वाटेत खायला?"

सुप्रभा


वेम्बली
२९ सप्टेंबर १९८७

प्रिय सुप्रभा,

झालं ना सगळं सुरळीत? मग आता विसर. दसऱ्याला श्रीखंड करते आहेस की नाही? मंडळात मला या वर्षी भोंडल्याचं बघायचंय, खिरापत कोणाची ओळखता येणार नाही अशी करायचीय. काही सुचलं तर कळव.

देवघरातली जागा मोकळी दिसते म्हणालीस फोनवर. तिथे फुलदाणी ठेव.

शैला


कॉव्हेंट्री
१९ ऑक्टोबर १९८७

शैला,

त्या वादळात तुमच्या रस्त्यावरचं झाड शेजाऱ्यांच्या गाडीवर पडलं हे गिरीशने सांगितलं. तुम्ही सुखरूप आहात हे बरं. माझ्याकडे दुसरंच पडलं आहे.

आज ग्रेस आली. आमच्याकडे ती कधी येत नाही. दारातच उभी राहून म्हणाली, फिडेलिसच्या वडिलांना अजून पुरलेलं नाही. शवागारात आहेत.

गावी भावकी जमली, फिडेलिसने इकेंगा सोडला. चुलत्याने हातात घेतला, नाकाशी धरला, बोट फिरवलं. बोट काळं झालं. चहाचा वास आला. भावकी म्हणाली, हा नवा आहे. बाजारातून आणून जुना दिसावा म्हणून रंगवलेला. तिकडे दलाल असंच करतात म्हणे, खऱ्याच्या जागी असले रंगवलेले ठेवतात. ते म्हणतात, खरा तू लंडनमध्ये विकलास. बापाचा उजवा हात विकलास. विकणाऱ्या मुलाच्या हातून बापावर माती पडू देणार नाहीत ते.

शैला, त्याने शपथ घेतली. आणि त्याला तिथे सगळ्यांसमोर तो नीट बघायला मिळाला तेव्हा त्यालाही तो ओळखता आला नाही. त्यानेच ग्रेसला फोनवर विचारलं, तू तर काही केलं नाहीस ना? तिने माझ्या दारात उभं राहून मला तेच विचारलं. "त्याला वाटतंय मी जाळला आणि दुसरा ठेवला. मी नाही केलं. मग कोणी केलं?"

मी तिला आत घेतलं आणि सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रडली. मग शशिधर आला, त्यालाही सांगितलं.

त्यांच्या गावकऱ्यांचं लंडनमध्ये मंडळ आहे, आपल्यासारखंच. गावाने त्यांना चौकशी करायला सांगितलं आहे. १ नोव्हेंबरला विल्सडेनला एका चर्चच्या हॉलमध्ये बैठक आहे. ग्रेस म्हणते, माझ्या शब्दाला किंमत नाही, सगळ्यांना माहीत आहे मला तो जाळायचा होता. तुलाच यावं लागेल.

मी जाणार आहे. तू येशील माझ्याबरोबर?

सुप्रभा


वेम्बली
२१ ऑक्टोबर १९८७

सुप्रभा,

येईन. आदल्या दिवशी इकडेच ये राहायला.

धुतल्याचं सांगायचं, ते तर सांगावंच लागेल. पण कोणी काय सुचवलं वगैरे तपशिलात कशाला शिरायचं? परक्या लोकांपुढे जेवढ्यास तेवढं बोलावं. गिरीशला यातलं काही माहीत नाही.

ऐन दिवाळीत हे काय गं आपल्या वाट्याला आलं.

शैला


कॉव्हेंट्री
२९ नोव्हेंबर १९८७

प्रिय शैला,

बैठकीनंतर स्टेशनवरून तू वेम्बलीची गाडी धरलीस आणि मी कॉव्हेंट्रीची. आता महिना होत आला. फोनवर आपण बटाट्याच्या भावावर बोलतो.

तू तिथे होतीस, तुला काय सांगायचं? पण मला सगळं सलग आठवत नाही. हॉलमधल्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्या आठवतात, आणि एवढे कोट घातलेले पुरुष एकदम माझ्याकडे वळले ते आठवतं. कसा धुतला, कशाने, किती वेळ, सगळं मी सांगत गेले, कुणी विचारलं नाही तेही. म्हणून तर खिळ्याचं तोंडून निघालं. ते म्हातारे, पापा इफेजिका, मुलीकडे राहायला आलेले, काठी टेकत उठले, तेव्हा मला वाटलं आता हे मारतात. आणि ते म्हणाले, "फिडेलिसच्या बापाने आणि मी, आम्ही दोघांनी खेळताना त्याचं शिंग मोडलं होतं. फिडेलिसच्या आजोबांच्या भीतीने मीच खिळा आणून दिला. हे आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही." म्हणजे खिळा असलेला तो खराच, तेवढ्यावर सुटला गं फिडेलिस. बुधवारी त्यांच्यातला एक जण विमानाने निरोप घेऊन गेला. इकेंगाचे दोन भाग झाले, वडिलांना माती मिळाली.

काल फिडेलिस भेटायला आला. म्हणजे भेटायला नव्हे, साडी परत द्यायला. धुऊन, घडी करून आणली होती. चहा घेणार का असं विचारायची माझी हिंमतच झाली नाही.

तो म्हणाला, "धुतल्याचं मला काही वाटत नाही. माझी आई असती तर पोट धरधरून हसली असती. तू त्याला मोदक दिलेस हे मी भावकीला सांगितलं, तेही हसले. पण सुप्रभा, तो रंग. तुला कळलं होतं. कळल्यावर तू तो रंगवलास, गाठी मारल्यास, आणि माझ्या हातात देऊन मला सँडविच विचारलंस. माझ्या वडिलांच्या पायाशी मी चोर म्हणून उभा होतो."

मग त्याने विचारलं, "हे तुला कोणी सुचवलं?" मी म्हटलं, कोणी नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तो उठला. शशिधरशी हात मिळवला. आमच्याकडे पुन्हा येणार नाही हे त्याने सांगितलं नाही, पण ते कळतं.

तुझं नाव मी घेतलं नाही, हॉलमध्येही आणि कालही, ते तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. सांगितलं तू असशील, पण केलं मी. "बहीण म्हणाली म्हणून" असं म्हणणारी बाई आणखीच हलकी दिसली असती. आणि तू तिथे उठली नाहीस याचा मला राग नाही, असं लिहिणार होते. थोडा आहे. लपवालपवी आता पुरे झाली, म्हणून लिहिते.

सुप्रभा


वेम्बली
१० डिसेंबर १९८७

सुप्रभा,

तुझं पत्र मी गिरीशला वाचायला दिलं. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "टेबलाला लावतात ते तू त्यांच्या बापाला लावायला सांगितलंस?" एवढंच म्हणाला आणि बागेत गेला. इतक्या थंडीत बागेत कोणी जातं का?

तुला हॉलमधलं सलग आठवत नाही. मला सगळं आठवतं. पापा इफेजिका बसले, मग तो चष्मेवाला सेक्रेटरी उठला आणि म्हणाला, धुणं समजलं, आता चहाचं सांगा. तू म्हणालीस, "मी लावला." तो म्हणाला, "फिडेलिसने सांगितलं होतं का?" तू नाही म्हणालीस. "मग कोणी सांगितलं?" तू म्हणालीस, "कोणी नाही, मी एकटीने केलं." तुझा उजवा हात माझ्या डाव्या हाताला लागत होता. मी काय करत होते सांगू? शालीच्या गोंड्यांशी खेळत होते. मनात म्हणत होते, अजून एकदा विचारलं तर उठेन. त्याने अजून एकदा विचारलं. मी गोंडे मोजत बसले.

मी तुला म्हटलं होतं, तू सांगशील ते तुला हलकं वाटावं म्हणून. मला मात्र तू एकटीने सांगितलंस तेव्हा काय हलकं वाटलं गं! तिथून निघाल्यावर ट्यूब रेल्वेत मी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होते. त्या क्षणाची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. चहाची नाही एवढी.

काल मी फिडेलिसना फोन केला. शशिधरच्या हॉस्पिटलमधूनच नंबर मिळवला. म्हटलं, मी सुप्रभाची बहीण, बटाटेवडेवाली. रिठे मी पाठवले, धुवायला मी सांगितलं, रंगवायलाही मीच, गाठी मारायचं तेवढं तिचं. एका दमात म्हटलं, कारण दम तुटला असता तर फोन ठेवला असता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी ग्रेसला म्हणालो होतो की हे सुप्रभाचं काम नाही. मी तिला इतकी वर्षं ओळखतो. चूक करेल, पण अशी नाही करणार. म्हणून मी तिला दोनदा विचारलं. ती दोनदा म्हणाली, माझंच काम. मग मला वाटलं, मी तिला ओळखतच नव्हतो. म्हणून मी जायचं थांबवलं."

मी म्हटलं, "मग आता तरी जा तिच्याकडे. प्लीज."

ते म्हणाले, "मी जाईन की नाही ते मी बघेन. पण हे तुम्ही मला फोनवर का सांगताय? माझे वडील पुरले गेले, मला आता याचा काही उपयोग नाही. तिला आहे. तुम्ही गेलात का तिच्याकडे?"

नाही, म्हटलं. पत्र लिहिणार आहे.

"पत्र," असं म्हणाले फक्त. रागाने नाही. आणि गुड नाइट म्हणून फोन ठेवला.

सुप्रभा, हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. शनिवारी सकाळची गाडी धरून घेऊन येते, तुमच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून आत सोडते आणि बाहेर उभी राहते. घंटी वाजवणार नाही. वाचून झालं की दार उघडायचं की नाही ते तू ठरव. शशिधर घरी असला तरी चालेल. असला तर बरंच.

शैला